एका अक्षराने गाडी चुकली

चीनला जाऊन आलो म्हटले की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "साप खाल्ला का हो?" दुसरा प्रश्न, "खर्च किती आला?" साप खाल्ला नाही. खर्चाचे म्हणाल, तर पोस्टातली पाच वर्षांची आर.डी. २०१९ च्या मार्चमध्ये पूर्ण झाली आणि एप्रिलमध्ये मी व माझा भाचा पाठीवर सॅक टाकून निघालो. टूर कंपनी नाही, गाइड नाही. बीजिंग आणि शिआन ही दोन शहरे, दहा दिवस आणि स्वस्तातले लॉज. तिसरा प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही, "तिथे तुम्हाला वाचता येत होते का?"

वाचकहो, मी बी.कॉम. आहे. बावीस वर्षे कारकुनी करतो आहे. कागद वाचणे हाच माझा धंदा. बीजिंगच्या विमानतळावर आणि भुयारी रेल्वेत इंग्रजी पाट्या आहेत, तोवर छाती फुगलेली होती. स्टेशनबाहेर येऊन गल्लीत शिरलो आणि मी अंगठाछाप झालो! दुकान कशाचे, दार आत ढकलायचे की बाहेर ओढायचे, मुतारी पुरुषांची की बायकांची, काही कळेना. आम्ही तिथले सिमकार्ड घेतलेले नव्हते. लॉजवर वायफाय होते, पण गुगलचा नकाशा आणि व्हॉट्सॲप चीनमध्ये बंद. सगळी भिस्त भाच्याच्या मोबाइलवर ठेवून आलो होतो, तो खिशातले ओझे झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका गाडीवर वाफवलेले, आत खिमा भरलेले, मोदकासारखे पदार्थ दिसले. बोटाने दाखवून चार घेतले. बाईने अंगठा आणि त्याशेजारचे बोट ताठ करून दाखवले. दोन बोटे म्हणजे दोन युआन. मी दोन दिले. तिने मान हलवली आणि पुन्हा तीच खूण केली. मी आणखी दोन दिले. रांगेतले लोक हसायला लागले. शेवटी तिने माझ्या हातातली दहाची नोट स्वतःच काढून घेतली, आधीचे चार परत केले आणि वर दोन युआन दिले. नंतर कळले की तिकडे एका हातावर दहापर्यंत मोजतात. अंगठा आणि करंगळी म्हणजे सहा, अंगठा आणि पहिले बोट म्हणजे आठ. वाणिज्य शाखेचा पदवीधर, आणि आठपर्यंत मोजता येईना!

इथवर गंमत होती. खरी फजिती झाली चौथ्या दिवशी.

शिआनला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीचे तिकीट लॉजवाल्याने काढून दिले होते. गाडी साडेसहाची. तिकिटावर चिनी अक्षरांखाली बारीक रोमन लिपीत 'बीजिंगशी' असे छापलेले होते. मी भाच्याला विचारले, "हे शेवटचे 'शी' काय रे?" तो म्हणाला, "मामा, आपण 'जी' लावतो ना, तसं असेल. बीजिंगजी!" आम्ही दोघेही हसलो आणि पावणेसहाला ऐटीत बीजिंग स्टेशनवर जाऊन उभे राहिलो.

तिथे तेव्हा तिकीट आणि पासपोर्ट पाहूनच आत सोडत. शिपायाने तिकीट पाहिले आणि हाताने बाहेरचा रस्ता दाखवला. वाटले, पासपोर्टात काही खोट असेल. पुन्हा रांग लावली. पुन्हा तेच. तो काहीतरी सांगत होता, मग तेच मोठ्याने सांगू लागला. एक म्हातारे गृहस्थ मदतीला आले. त्यांनी स्वतःच्या तळहातावर बोटाने एक अक्षर काढून दाखवले. आम्ही बघतच राहिलो. त्यांनी ते आणखी मोठे, आणखी सावकाश काढले. चीनमध्ये एका प्रांताची बोली दुसऱ्याला कळत नाही, पण लिहिलेले सर्वांना कळते. म्हणून बोलणे अडले की तिथले लोक असे हातावर लिहून दाखवतात. पण ज्याला वाचताच येत नाही, त्याच्यासाठी अक्षर मोठे काढले काय आणि लहान काढले काय?

घड्याळात सहा वाजून गेले. भाच्याचा चेहरा पडला. तेवढ्यात आवार झाडणारी एक बाई झाडू भिंतीला टेकवून आमच्याजवळ आली. तिने तिकीट पाहिले, त्या एका अक्षरावर बोट ठेवले आणि दुसरा हात लांब करून मावळत्या सूर्याकडे दाखवले. पुन्हा अक्षर, पुन्हा सूर्य. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पश्चिम! 'शी' म्हणजे पश्चिम. बीजिंगला एकच स्टेशन नाही. आमची गाडी पश्चिम स्टेशनवरून सुटणार होती, शहराच्या दुसऱ्या बाजूला, दहाएक किलोमीटरवर.

टॅक्सीने पोहोचलो तेव्हा गाडी गेलेली होती.

आता पैसे बुडाले असे समजून खिडकीशी गेलो. आत माझ्याच वयाची कारकून बाई. मागे ही रांग. तिने तिकीट पाहिले, घड्याळ पाहिले आणि सारे ओळखले. त्याच दिवसाच्या पुढच्या गाडीचे तिकीट बदलून मिळते, हा तिथला नियम. शयनयान शिल्लक नव्हते, बसायची जागा होती. तिने तिकीट दिले आणि वर एक कोरा कागद घेतला. त्यावर अक्षर एकही काढले नाही. फक्त आकडे आणि चित्रे. गाडीचा नंबर, वेळ, डबा, आसन, मग एक जिना आणि वर जाणारा बाण. कागद माझ्या हातात देऊन तिने जिन्याकडे बोट केले. सारे मिळून दोन-तीन मिनिटे लागली असतील.

त्या खिडकीच्या आतला माणूस मी आहे. माझ्या ऑफिसात म्हाताऱ्या बाया अर्ज घेऊन येतात. मी म्हणत आलो आहे, "आजी, तिथं बोर्डावर लिहिलंय सगळं. वाचून या." कागद बाहेर सारताना मी त्यांच्या तोंडाकडेही कधी पाहिले नव्हते.

शिआनपर्यंतचे सुमारे बाराशे किलोमीटर आम्ही ताठ बसून काढले. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याची टाकी असते. लोक तिथून पाणी आणून नूडल्स भिजवत होते, सूर्यफुलाच्या बिया सोलत पत्ते खेळत होते. थंड पाणी कोणी पीत नाही. समोरच्या म्हातारीने आमची थंड बाटली पाहून कपाळाला आठ्या घातल्या आणि स्वतःच्या थर्मासमधले गरम पाणी ओतून दिले.

शिआनला उतरलो तर पहिल्या लॉजने घेतलेच नाही. परदेशी पाहुण्याची पोलिसांकडे नोंद करावी लागते, ती पद्धत त्यांच्याकडे नव्हती. पण काउंटरवरची पोरगी आमच्याबरोबर दोन चौक चालत आली आणि दुसऱ्या लॉजवर पोचवून गेली. जेवायला बसलो तेव्हा वाडगा आणि दोन जाड कोरड्या भाकऱ्या समोर आल्या. मटण येईना. भुकेच्या मारे एक भाकरी कोरडीच संपवली, तर वाढणारी बाई कपाळावर हात मारून हसली. तिने दुसरी भाकरी घेऊन वाडग्यात बारीक कुस्करायला सुरुवात केली. मग तो वाडगा आत जाणार आणि मटणाचा रस्सा घालून परत येणार! अहो, रश्शात भाकरी कुस्करणे आम्हाला शिकवायला नको होते. फक्त कोणीतरी खूण करायला हवी होती.

याच शिआनमध्ये ह्युएन त्संग यांच्या ग्रंथांसाठी ६५२ साली बांधलेला मनोरा आहे. ते भारतात आले, आपली भाषा शिकले, नालंदात राहिले, आपल्या महाराष्ट्राविषयीही लिहून गेले आणि ६४५ साली ६५७ ग्रंथ घेऊन परतले. त्यांनाही पहिल्या दिवशी आपल्याकडची पाटी वाचता आली नसेलच. कोणीतरी पहिले अक्षर शिकवले असेल.

अशी अवघड लिपी, तरी १९४९ साली जिथे शंभरातले ऐंशी लोक निरक्षर होते, तिथे २०२० च्या जनगणनेत निरक्षरांचे प्रमाण २.६७ टक्क्यांवर आले. त्यासाठी अक्षरे सोपी करून घेतली, प्रौढांचे वर्ग चालवले. शेतकऱ्याला १५०० अक्षरे आली आणि कामगाराला २०००, की तो साक्षर, असे माप ठरवले.

आता जाणाऱ्यांची सोय थोडी वाढली आहे. २०१९ साली आमच्या नोटा पाहून दुकानदार सुटे शोधत बसायचे, कारण सगळे मोबाइलवर पैसे देत. २०२३ पासून परदेशी कार्ड तिथल्या मोबाइल ॲपला जोडता येते. परदेशी माणसाला नाकारू नका, असे २०२४ मध्ये तिथल्या सरकारने हॉटेलांना बजावले. २०२० मध्ये बंद पडलेली थेट विमाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकात्याहून पुन्हा सुरू झाली. तरी लॉजचे कार्ड, पासपोर्ट आणि शौचाचा कागद खिशात ठेवा. आणि स्टेशनच्या नावातले शेवटचे अक्षर नीट पाहा. वर एक आडवी रेघ, खाली चौकोन, आणि चौकोनात लोंबणारे दोन पाय, तो पश्चिम!

घरी आल्यावर हे आईला सांगत होतो. आई शाळेची पायरी चढलेली नाही. गावाहून मुंबईत आली तेव्हा बसचे आकडे तिने असेच ओळखायला शिकून घेतले. चाराला ती 'फास' म्हणायची आणि शून्याला 'वाटोळं'. "फास आणि वाटोळं आलं की आपली गाडी." लहानपणी स्टॉपवर ती चारचौघांना विचारायची, "बाबा, ही कुठं जाती?" तेव्हा मला लाज वाटायची. मी तिचा पदर ओढायचो. "आई, वर लिहिलंय ना!"

ती सगळे ऐकून म्हणाली, "मग पावणेसहालाच कुणाला इचारलं का न्हाईस? तोंड कशाला दिलंय?"

"विचारलं गं. पण त्यांचं मला कळेना."

"झाडणारीला बरं कळलं," आई म्हणाली आणि भाजी निवडू लागली.

माझ्या टेबलावर आता कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा असतो. कोणी आजी आल्या की मी खिडकीचा आकडा काढतो, जिना काढतो, बाण काढतो. चित्रकला माझी वाईट आहे. पण आजी पोचतात.