पिवळ्या पट्टीचा हरताळ

पोथी उतरवताना लेखनिकाचा हात चुकला, की चुकलेल्या अक्षरांवर पिवळ्या हरताळाचा लेप बसायचा. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथलाच. तो पिवळा रंग सांगायचा, ‘हे वाचू नका.’ संगणकाच्या पडद्यावर त्याचा अर्थ उलटला. कोडच्या नमुन्यात एखाद्या ओळीमागची पिवळी पट्टी म्हणते, ‘बाकीचं राहू द्या, आधी हे वाचा.’

बंगळुरूत या पट्टीच्या भरवशावर कितीतरी नोकऱ्या सुरू होतात. सांगली-बेळगावहून रात्रीच्या बसने आलेला नवा भिडू पहिल्या आठवड्यात जाडजूड पुस्तक उघडत नाही. डॉक्युमेंटेशनच्या पानावरचा नमुना उघडतो. चाळीस ओळींतल्या अडतीस नेहमीच्याच, बदल करायचा तो दोन ओळींत. त्या दोन दाखवणारी पट्टी म्हणजे मास्तरांचं पाटीवरचं बोट.

पण हे बोट बहुतेक ठिकाणी ओळीवर नसतं, आकड्यावर असतं. पायथॉनवाल्यांच्या स्फिंक्स या डॉक्युमेंटेशनच्या साधनात ‘एम्फसाइझ-लाइन्स’पुढे ओळींचे क्रमांक द्यायचे, कोड रंगवणाऱ्या प्रिझममध्ये तेच काम ‘डेटा-लाइन’ करतं. सोपं आहे. मग सहा महिन्यांनी कुणीतरी नमुन्याच्या सुरुवातीला एक ‘इम्पोर्ट’ वाढवतो. सगळा कोड एक ओळ खाली सरकतो, पट्टी जागची हलत नाही. काल ती ‘टाइमआउट = ५’ वर होती; आज त्याच्या वरच्या, नुसता कंस असलेल्या ओळीवर आहे. कोड चालतो, टेस्ट पास होतात, तक्रार कुणाचीच नाही. अडतो तो एकटा नवशिका, आणि चूक आपलीच असं समजून गप्प बसतो.

यावर उपाय आहे, तोही फुकटचा. डॉक्युसॉरस या डॉक्युमेंटेशनच्याच दुसऱ्या साधनात ‘हायलाइट-नेक्स्ट-लाइन’ ही कॉमेंट हव्या त्या ओळीच्या डोक्यावरच लिहिता येते. वाचकाला ती दिसत नाही, पण ओळ सरकली की खूणही सोबत सरकते. शक्य तिथे हीच पद्धत वापरा, असं डॉक्युसॉरसची मार्गदर्शिकाच सांगते. सहलीला निघालेल्या पोराची ओळख ‘रांगेतला पाचवा’ अशी कुणी ठेवत नाही. बिल्ला त्याच्याच खिशाला लावतात.

दुसरी गोष्ट रंगाची. नुसत्या रंगावर अर्थ टांगू नये, हे वेबच्या सुगम्यतेच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं आहे. रंग नीट न दिसणारे डोळे आहेत, पडदा कानांनी वाचणारी माणसं आहेत. म्हणून ‘पिवळी ओळ बदला’ एवढ्यावर न थांबता ‘टाइमआउटचा आकडा वाढवा’ असं खालच्या मजकुरात लिहावं. पट्टी घसरली तरी वाक्य सावरून घेतं.

पायकॉन ही पायथॉनवाल्यांची परिषद भारतात पहिल्यांदा बंगळुरूतच, भारतीय विज्ञान संस्थेत, २००९ साली भरली. कोड लिहिणाऱ्यांचं कौतुक इथे तेव्हापासून वाढतंच आहे. कोड समजावून सांगणं मात्र रिलीजच्या आदल्या संध्याकाळी, उरलेल्याने उरकायचं काम राहिलं आहे. नमुन्यात एक ओळ वाढवली, तर पान उघडून पट्टी कुठे पडते आहे ते बघायला अर्धं मिनिट लागतं. तेवढंही होत नसेल, तर तो पोथीवाला लेखनिक बरा म्हणायचा. त्याचा पिवळा रंगही चुकीच्या ओळीवरच पडायचा, पण ती चूक आहे हे त्याला ठाऊक असायचं.