पहिला थेंब रेंगाळतो

माझी भाची यंदा बारावीला आहे. मेहुणे लष्करात, त्यामुळे घर फिरतं. सध्या मुक्काम चंदीगड. रोज सकाळी ती सेक्टर 34 मधल्या क्लासला जाते आणि दुपारी उशिरा परतते. शाळेत तिचं नाव आहे, पण शाळेत ती जात नाही. ‘डमी ॲडमिशन’ हा शब्द तिथे कुणी दबक्या आवाजात उच्चारत नाही.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे होते. आयुष्यभर अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवली, त्यामुळे पुस्तक दिसलं की हात शिवशिवतात. तिला परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन विचारलं. समीकरण तिने क्षणात बॅलन्स करून दिलं. हायड्रोक्लोरिक ॲसिड का चालत नाही, तेही बरोबर सांगितलं. मग मी विचारलं, “ब्युरेटचं रीडिंग कुठल्या कडेला घेशील?”

“लोअर मेनिस्कस.”

“इतक्या गडद जांभळ्या द्रावणात खालची कड दिसते का?”

ती थांबली. मग म्हणाली, “मावशी, मी अजून ब्युरेट हातात धरलेलं नाही गं.”

परमँगनेटची वरची कड वाचायची असते. हे पुस्तकात लिहिलेलं असतं, पण लक्षात राहतं ते ब्युरेटसमोर डोळा आणल्यावर. याच प्रयोगात आणखी एक गोष्ट घडते आणि ती मला आजही तितकीच आवडते. फ्लास्क साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवलेला असतो. पहिला थेंब पडतो आणि रेंगाळतो. गुलाबी रंग जाता जात नाही. घाईचा मुलगा म्हणतो, झालं, एंड पॉइंट आला. जरा धीर धरला तर रंग जातो, आणि पुढचे थेंब पडताक्षणी विरतात. अभिक्रियेत तयार होणारं मँगनीजच तिचा वेग वाढवतं. केमिकल कायनेटिक्स आणि डी-ब्लॉक, पुस्तकातले दोन वेगळे धडे, त्या फ्लास्कमध्ये एका जागी भेटतात. ॲसिड कमी पडलं तर द्रावण तपकिरी, गढूळ होतं, आणि आपलं काय चुकलं ते मास्तरांच्या आधी फ्लास्क सांगतो.

सीबीएसईच्या बारावीत केमिस्ट्रीला 70 गुण लेखीचे, 30 प्रात्यक्षिकाचे. जेईई मेनमधल्या 75 प्रश्नांपैकी 25 आणि नीटमधल्या 180 पैकी 45 केमिस्ट्रीचे. पण दोन्हीकडे परीक्षानळी हातात घ्यावी लागत नाही. मग आईबापांनी प्रयोगशाळेकडे पाठ फिरवली तर त्यांना एकट्यांना दोष कसा द्यायचा? आम्ही शिक्षकही यात आहोत. बहिःस्थ परीक्षक म्हणून गेल्यावर मुलांना ओळखायला दिलेलं सॉल्ट आधीच कळलेलं असल्याचं मी पाहिलं आहे, आणि तरीही भरघोस गुण देऊन सही केली आहे. त्या सह्या मला आजही टोचतात.

चंदीगडचं नाव घेतलं म्हणून आपण सुटत नाही. आपल्याकडे याच प्रकाराला ‘इंटिग्रेटेड’ म्हणतात. 2018 मध्ये राज्य सरकारने विज्ञानाच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. सीबीएसईनेही 2024 मध्ये डमी विद्यार्थी दाखवणाऱ्या शाळांची संलग्नता काढली. पण अंगठा उमटला म्हणजे प्रयोग झाला असं नाही. एनसीईआरटीने बारावीच्या पुस्तकातून सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पी-ब्लॉक, पॉलिमर असे धडेच्या धडे कमी केले, तेव्हा मला वाटलं होतं की मोकळा झालेला वेळ प्रयोगशाळेला मिळेल. माझ्या पाहण्यात तरी तो टेस्ट सिरीजने घेतला.

चंदीगडच्या या पंजाबचा जुना इतिहास वेगळा आहे, म्हणून जास्त वाईट वाटतं. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाचं मूळ लाहोरचं, 1882 चं. लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात रुचिराम सहानी केमिस्ट्री शिकवत. वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल सहानींचे ते वडील. 1885 मध्ये पंजाब सायन्स इन्स्टिट्यूट उभी करण्यात त्यांचा हात होता. गावोगावी जाऊन ते पंजाबीत व्याख्यानं देत आणि लोकांसमोर प्रयोग करून दाखवत. शाळांना उपकरणं परवडावीत म्हणून त्यांनी लाहोरातच ती बनवण्याचं वर्कशॉप काढलं. पुढे 1924 ते 1940 लाहोरच्या विद्यापीठाच्या रासायनिक प्रयोगशाळा शांतिस्वरूप भटनागरांकडे होत्या. त्यांचं नाव आज चंदीगडच्या विद्यापीठातल्या केमिकल इंजिनिअरिंगच्या संस्थेला आहे. भाचीचा क्लास तिथून काही किलोमीटरवर.

माझी मागणी मोठी नाही. आठवड्याला दोन तास, वर्षभर, प्रत्येकाच्या हातात स्वतःचं ब्युरेट. प्रात्यक्षिक परीक्षा दुसऱ्या शाळेत, अनोळखी टेबलावर. आणि सॉल्ट ओळखता आलं नाही पण निरीक्षणं खरी लिहिली, तर त्या मुलाला चांगले गुण.

त्या संध्याकाळी मी बहिणीच्या स्वयंपाकघरात शिरले. पाव लिटर पाण्यात व्हिटॅमिन सीची 500 मिलिग्रॅमची एक गोळी विरघळवली. त्यातलं 10 मिलिलिटर काचेच्या पेल्यात घेतलं, वर चमचाभर तांदळाची पेज. जखमेवर लावायचं आयोडीनचं औषध सुई काढलेल्या सिरिंजमध्ये भरून भाचीच्या हातात दिलं. “थेंब थेंब सोड. पेला हलवत राहा.”

थेंब पडला की निळसर-काळा डाग उठायचा आणि हलवताच विरायचा. तिला गंमत वाटली, अंगठ्याचा जोर वाढला आणि पेला एकदम काळाकुट्ट झाला. पहिलं रीडिंग 6.4.

“हे धरायचं का?”

“तूच सांग.”

तिने पेला धुतला. दुसऱ्या वेळी शेवटी शेवटी श्वास रोखून एकेक थेंब सोडला: 5.6. तिसऱ्यांदाही 5.6. तिने वही ओढून तीन रकान्यांचा तक्ता आखला, 6.4 वर काट मारली. पण पुसलं नाही. बहिणीने दोनदा जेवायला हाक मारली. ती चौथ्यांदा सिरिंज भरत होती.