सीमोल्लंघनाआधीची पूजा

आज खंडेनवमी, उद्या दसरा. पावसाने धुऊन काढलेल्या आकाशाखाली घरांची अंगणे, गॅरेज, कारखाने आणि एसटीची आगारे पहाटेपासून झाडलोटीत गुंतली असतील. ज्याचे पोट ज्या साधनावर चालते, त्या साधनापुढे हात जोडण्याचे हे दोन दिवस. सुताराचा रंधा, शिंप्याचे यंत्र, शेतकऱ्याचा नांगर, लेखनिकाची लेखणी या साऱ्यांना आज हळदीकुंकू लागेल आणि त्यांच्याच रांगेत दारातली गाडीही उभी राहील. तिला न्हाऊमाखू घालून बोनेटवर स्वस्तिक रेखायचे, झेंडूची माळ घालायची, चाकाखाली लिंबू ठेवायचे, नारळ वाढवायचा आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून एक छोटी फेरी मारून यायची, हे आपल्याकडे कुणी कुणाला शिकवावे लागत नाही.

या पूजेच्या मुळाशी जी गोष्ट आहे ती आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अज्ञातवासाला निघताना पांडवांनी विराटनगरीबाहेरच्या शमीवर आपली शस्त्रे बांधून ठेवली आणि वर्ष सरल्यावर ती खाली उतरवली. त्या गोष्टीतली एक बाब मात्र सोने लुटण्याच्या आनंदात थोडी मागे पडते. गांडीव अर्जुनाच्या हाती आले तेव्हा ते जसेच्या तसे, वापरायला सिद्ध होते आणि ते कोणत्या झाडावर आहे हे त्याला अचूक ठाऊक होते. वेळ आली तेव्हा शोधाशोध झाली नाही. शस्त्रपूजेचा आशय आपल्याला इथे सापडतो. साधनावर फूल वाहायचे, पण त्याआधी ते उघडून पाहायचे, पुसायचे, त्याची धार तपासायची आणि ते कुठे आहे हे स्वतःच्या मनाशी पक्के करायचे.

आपल्या गाडीतही अशी एक शमी आहे. नवी चारचाकी देताना तिच्यासोबत प्रथमोपचार पेटी आणि लाल परावर्तक त्रिकोण असलाच पाहिजे, असे १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात आणि त्याप्रमाणे त्या वस्तू आपल्याला मिळतातही. पण पेढ्यांच्या धांदलीत ती पेटी डिकीच्या कोपऱ्यात जाते, तिच्यावर स्टेपनीचा पाना येतो, मग गावाकडून आणलेली तांदळाची पिशवी येते, आणि तिचे प्लास्टिकचे वेष्टन तसेच राहते. कुणी एखादे वर्षी उघडलीच, तर चिकटपट्टीचा डिंक वितळून ती स्वतःलाच चिकटलेली, जंतुनाशकाची बाटली सुकलेली, औषधाच्या पट्टीवरची तारीख कधीचीच उलटलेली. यात नवल काही नाही. विदर्भात आणि खानदेशात उन्हाळ्यात बाहेरचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीतली उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते आणि बहुतेक औषधे तर २५ ते ३० अंशांच्या आत ठेवायची असतात. म्हणूनच ही पेटी एकदा घेऊन निश्चिंत व्हावे अशी नव्हे. साडेतीन मुहूर्तांतला दसरा पावसाळ्याच्या उतारावर येतो आणि गुढीपाडवा उन्हाळ्याच्या तोंडावर. साधारण सहा महिन्यांच्या अंतराने येणारे हे दोन सण जणू तपासणीसाठीच नेमून दिलेले आहेत, असे आपण मानायला काय हरकत आहे?

उद्या आपण सीमोल्लंघन करू. एके काळी मराठी फौजा पावसाळा ओसरला की दसऱ्याच्या मुहूर्तावर मोहिमेला बाहेर पडत. आज मोहिमा नाहीत, पण रस्ते मात्र याच दिवसांपासून भरू लागतात. दिवाळीच्या सुट्टीत कोकणाकडे, माहेराकडे, देवदर्शनाला जाणारी कुटुंबे निघतात. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या भागांतून ऊसतोड कामगार बिऱ्हाड घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि थोड्याच दिवसांत रात्रीच्या रस्त्यांवर उसाने लादलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या धावू लागतात. मागे दिवा नसलेली, उसाच्या शेंड्यांनी झाकलेली ट्रॉली अंधारात दिसते तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो. त्या ट्रॉलीला मागून लावलेली परावर्तक पट्टी वा कापड हेही सुरक्षेचे साधनच, आणि ते लावण्याची जबाबदारी एकट्या ट्रॅक्टरचालकावर टाकून कारखान्यांना आणि आपल्याला मोकळे होता येणार नाही. २०२२ या एका वर्षात देशाच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांतली १५ हजारांहून अधिक आपल्या महाराष्ट्रात. युद्धाविना एवढी घरे ओस पडतात आणि आपण त्या बातम्या वाचून पान उलटतो, हे मनाला लावून घेण्याजोगे आहे.

रस्त्यावर गाडी बंद पडली की मागून येणाऱ्याला सावध करायचे, ही समज आपल्याकडे जुनीच आहे. ट्रकचालक आजही रस्त्याकडेच्या झाडाची फांदी मोडून मागे टाकतात, दगडांची ओळ मांडतात. त्या फांदीमागची भावना सच्ची आहे, यात शंका नाही. पण अंधारात फांदी दिसत नाही आणि गाडी दुरुस्त होऊन निघून गेल्यावर दगड तिथेच राहतात. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला तेच पुढे घातक ठरतात. घडी होऊन डिकीत मावणारा लाल त्रिकोण दिव्याच्या झोतात दुरून चमकतो आणि काम झाल्यावर उचलून नेता येतो. तो ठेवायचा कुठे, हे मात्र नीट समजून घ्यायला हवे. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर अंतर कापते. त्रिकोण ५० मीटर मागे ठेवला तरी मागच्या चालकाच्या हाती जेमतेम दोन सेकंद उरतात. म्हणून वेगवान रस्त्यावर तो १०० मीटर मागे हवा, आणि घाटात किंवा वळणावर तर वळणाच्या अलीकडेच. ठेवायला जाताना आधी गाडीचे चारही इशारादिवे लावावेत, मग चमकणारे जाकीट अंगात चढवावे आणि रस्त्याच्या अगदी कडेने चालावे. बाकीच्यांनी गाडीत बसून न राहता कठड्यापलीकडे उभे राहावे.

मागच्याला थांबवणे म्हणजे काय, हे २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीने आपल्याला दाखवले. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या व इतर वाहने काळोखात नदीत गेली. जवळच्या गॅरेजात काम करणाऱ्या एका माणसाच्या ते ध्यानी आले आणि त्याने धावत जाऊन येणारी वाहने अडवली. त्या रात्री आणखी किती माणसे नदीत गेली असती, याचा हिशेब कुणालाच मांडता येणार नाही. त्याच्यापाशी ना त्रिकोण होता, ना जाकीट, ना कसले पद. सावित्रीवर आज नवा पूल आहे आणि आपण त्यावरून निर्धास्त जातो. जाताना त्या माणसाचे स्मरण व्हावे, एवढे ऋण आपल्यावर आहेच.

१ जुलै २०२३ ची पहाटही विसरता येत नाही. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली, तिने पेट घेतला आणि २५ जणांचा कोळसा झाला. बस दाराच्याच बाजूवर पडली होती. जे थोडे वाचले त्यांतल्या काहींनी काच फोडून स्वतःची सुटका करून घेतली. काच फोडणारी छोटी हातोडी आणि तिच्याच मुठीत बसवलेले, पट्टा कापणारे पाते ही किरकोळ किमतीची वस्तू आहे. ती डिकीत असून काहीच उपयोगाची नाही, चालकाच्या हाताशीच हवी. शिवाय ती चालवायची कुठे हेही आधीच माहीत असावे. समोरची काच दोन थरांमध्ये पातळ पडदा घालून बनवलेली असते, ती तडकते पण सुटत नाही. बाजूची काच मात्र कोपऱ्याजवळ टोकदार घाव घातला की चुरा होऊन पडते. आग विझवण्याच्या नळकांड्याचेही तेच. ते आसनाजवळ असावे आणि त्यावरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे अधूनमधून पाहावे. बोनेटखालून धूर दिसला तर आधी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे, सर्वांना उतरवून दूर न्यावे आणि बोनेट सताड उघडण्याचा मोह टाळावा, कारण हवा मिळताच ज्वाळा उफाळतात. आग हाताबाहेर गेली असेल, तर गाडीचा मोह सोडून मागे सरावे. गाडी पुन्हा घेता येते.

आता पेटीतल्या वस्तूंकडे वळू. निर्जंतुक जाळीच्या घड्या, निरनिराळ्या रुंदीची बँडेज, क्रेप बँडेज, त्रिकोणी पट्टी, चिकटपट्टी, कात्री, हातमोजे, जंतुनाशक, विजेरी, जलसंजीवनीची पाकिटे, अंगावर घालायला एखादी स्वच्छ चादर. यातले बरेचसे आपल्या घरच्या कपाटातच असते. कमी असते ती हातांची ओळख. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापडाची घडी घट्ट दाबून धरायची आणि सारखे उचलून पाहायचे नाही. आपल्या आजीने जखमेत हळद भरली ती मायेनेच. पण रस्त्यावरच्या खोल जखमेत हळद, चहापूड असे काही घालू नये. डॉक्टरांना ते आधी धुऊन काढावे लागते. भाजले असेल तर वीस मिनिटे साधे वाहते पाणी, टूथपेस्ट नव्हे. जखमेत रुतलेली वस्तू उपसून काढायची नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचे नाही, ते श्वासनलिकेत जाते. आणि अपघात झाला की पहिल्यांदा पाण्याची बाटली घेऊनच आपण धावतो, म्हणून हे पुन्हापुन्हा सांगायला हवे. मान वा पाठ दुखावली असण्याची शंका असेल, तर आगीचा किंवा वाहनांचा धोका असल्याखेरीज माणसाला उचलून रिक्षात कोंबू नये आणि हेल्मेट हिसकावून काढू नये. श्वास थांबला असेल, तर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जाईल इतका दाब देत राहायचे, आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ किंवा ११२ ला फोन लावायला सांगायचे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हाही क्रमांक आहे. हे तीन आकडे पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवलेले असावेत, कारण अशा घटकेला पाठ असलेलेही आठवत नाही.

आणि ही पेटी बहुतेक वेळा आपल्यासाठी उघडावी लागणार नाही. ती उघडेल दुसऱ्याच कुणासाठी, ज्याचे नावगाव आपल्याला ठाऊक नाही अशा माणसासाठी, आणि त्याकरता आधी आपली गाडी थांबावी लागेल. गाडी थांबत नाही याचे कारण आपण निष्ठुर झालो आहोत हे नाही. पोलीस ठाण्याच्या खेपा, रुग्णालयात मागितले जाणारे पैसे, साक्षीपुराव्याच्या तारखा यांची धास्ती पिढ्यानपिढ्या आपल्या मनात रुजली आहे. पण कायदा आता आपल्या बाजूने उभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतकर्त्यांच्या संरक्षणाचे निर्देश देशभर बंधनकारक केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. सद्हेतूने मदत करणाऱ्यावर त्यापायी दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही, नाव सांगण्याची त्याच्यावर सक्ती नाही, साक्षीदार होण्याचीही नाही. दुखापतीनंतरच्या पहिल्या एका तासाला हाच कायदा ‘सुवर्णकाळ’ मानतो. त्या तासात जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला ‘राहवीर’ म्हणून २५ हजार रुपये देण्याची केंद्राची योजना आहे, आणि २०२५ पासून अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळण्याची तरतूदही झाली आहे. बक्षिसासाठी कुणी थांबणार नाही, थांबूही नये. पण थांबणाऱ्याच्या पाठीशी राज्यसंस्था आहे, ही खूणगाठ हवी. ती अजून गावच्या नाक्यापर्यंत, चहाच्या टपरीपर्यंत पोहोचलेली नाही. पोहोचवण्याचे काम वृत्तपत्रांचे आहे, आमचे आहे.

आपल्याकडे वाहन चालवण्याचा परवाना काढताना आठाचा आकडा काढून दाखवावा लागतो. रक्त थांबवता येते का, हे कुणी विचारत नाही. जर्मनीत प्रथमोपचाराचा वर्ग पूर्ण केल्याशिवाय परवाना मिळत नाही आणि प्रत्येक मोटारीत ती पेटी असावीच लागते. तिथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या हे अंगवळणी पडले आहे. आपल्या परवान्याच्या नियमांतही अशी अट यावी, ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. पण तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. घाटांत दोर टाकून दरीत उतरणारी लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी पथके आपल्यातच उभी राहिली, ती कुठल्या आदेशाची वाट पाहत थांबली नव्हती. गावोगावच्या नवरात्र मंडळांनी पुढच्या वर्षी नऊपैकी एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवावी. गावचे डॉक्टर, परिचारिका, रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी यांना सन्मानाने बोलवावे आणि रिक्षावाल्यांना, ट्रॅक्टरचालकांना, स्कूलबसच्या ताईंना पुढच्या रांगेत बसवावे. मंडप उभा असतोच, माणसेही जमलेली असतात, आणि पट्टी बांधायला व छाती दाबायला शिकायचे तर आरतीनंतरचा एक तास पुरतो.