सेल्फ मारला की ‘टक्’

परवा रात्री साडेदहाला पुतण्याने दार वाजवलं. "काका, गाडी उठत नाही!" अंगणात ट्रक उभा, त्यात नारायणगावहून वाशीला जाणारे टोमॅटोचे क्रेट. पहाटेच्या आत पोचले नाहीत तर भाव गेला, आणि हप्ता काही थांबत नाही. तो क्रेनवाल्याचा नंबर शोधत होता.

मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, मला इंजिनातलं काय कळणार? पण आमचे थोरले बंधू सत्तरच्या दशकात टाटाचा बारा-दहा चालवत. सुट्टीत त्यांच्याबरोबर मी क्लीनर म्हणून फिरलो आहे. म्हटलं, सेल्फ मार. ‘टक्’ असा एकच आवाज. दिवे लाव म्हटलं. सेल्फ मारताच दिवे मंद. म्हणजे डिझेल, पंप यांच्या वाटेला जायचं कारणच नाही, वीज पोचत नाहीये. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी जमली होती. आधी वजा बाजू सोडवली, गरम पाणी ओतलं, तारेच्या ब्रशने घासलं, पुसून कोरडं केलं, घट्ट आवळलं. गाडी सुरू! जेमतेम अर्धा तास.

दादा म्हणत, गाडी बोलते, आपण ऐकत नाही. काळा धूर आला की आधी एअर फिल्टर बघायचा, निळा आला की ऑईल जळतंय. टायर मधोमध झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजला तर कमी. यात जादू काही नाही. चुकलेलं गणित मुलाकडून परत सोडवून घेतलं की कुठल्या पायरीवर गाडी घसरली ते कळतं, तसंच हे. माझं मत असं, की ट्रकचं घर चालवणाऱ्या प्रत्येकाला एवढं निदान यायलाच हवं.

पण निदान आणि दुरुस्ती यांत मी फरक करतो, आणि तो दादांच्याच हातावरून शिकलो. घाटात तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण त्यांनी घाईत उघडलं. कोपरापर्यंतचा तो डाग शेवटपर्यंत राहिला. नुसत्या जॅकच्या भरवशावर मातीच्या अंगणात गाडीखाली शिरणाऱ्यांना तर मी आजही ओरडतो. चाकांना दगड, खाली भक्कम लाकडी ठोकळे, नाहीतर शिरू नकोस.

शिवाय दादांची एक युक्ती आता जीवघेणी ठरेल. कोणता सिलिंडर काम करत नाही हे ओळखायला ते चालू इंजिनात इंजेक्टरच्या पाइपाचा एकेक नट सैल करून आवाज ऐकत. आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब दीड हजार बारच्याही वर जातो. ती धार कातडीतून आत घुसते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि धुराबरोबर युरियाचं द्रावणही गाडीच्या संसारात आलं. त्यात युरिया ३२.५ टक्के, बाकी शुद्ध पाणी. परवाच ड्रायव्हर म्हणाला, "गुरुजी, घरात खताची गोणी आहे, तीच विरघळवू की!" नको रे बाबा. खतातला युरिया तितका शुद्ध नसतो, सगळी नळी आणि पुढची यंत्रणा चोंदते. चार पैसे वाचवायला जाऊन मोठा खड्डा.

मात्र माझी तक्रार वेगळीच आहे. मागे गाडीचा पिवळा दिवा लागला तेव्हा सेंटरवाल्याने यंत्र जोडलं, पडद्यावर बघितलं आणि "सेन्सर गेला" एवढंच सांगून बिल हातात ठेवलं. कुठला सेन्सर? कोड काय? "तुम्हाला काय करायचंय काका?" अहो, गाडी आमची, हप्ता आमचा! पेशंटला रिपोर्ट देतात की नाही? डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. चांगलंच झालं. पण काउंटरवरच्या पोराने कोडचा आकडा बिलावर लिहून द्यावा, एवढी साधी गोष्ट मला हवी आहे.

असो. पहाटे वाशीहून फोन आला, माल उतरला. पुतण्याला म्हटलं, येताना शंभर पानी वही घेऊन ये. पहिल्या पानावर तारीख टाकून ‘टर्मिनल’ लिहायचंय.