पाऊलवाटा : व्हेर्नात्साचे गडगे

गेल्या वर्षी या सदरात स्कॉटलंडच्या बेटांवरच्या पावसाबद्दल लिहिलं, तेव्हा मंडळातल्या बऱ्याच जणांनी सांगितलं, "पुढच्या वेळी जरा ऊन असेल तिथे जा." म्हणून यंदा ऊन. सप्टेंबरात मुलं शाळेत आणि नवरा कामावर असताना मी अण्णांना घेऊन चार दिवस इटलीच्या किनाऱ्यावर जाऊन आले.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय 76. आई गेल्यापासून गुहागरजवळच्या आमच्या घरात एकटेच असतात आणि वर्षातून एकदा मँचेस्टरला आमच्याकडे येतात. या खेपेला त्यांच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीबरोबर एक प्लास्टिकचं पाकीटही होतं. वरच्या वाडीच्या विक्रीसाठी माझ्याकडून हवं असलेलं मुखत्यारपत्र. आमच्या शेजारचं कुटुंब ती वाडी आज कित्येक वर्षं राखतंय, त्यांनाच ती हवी आहे. पुण्याचा भाऊ तयार आहे. तीन वर्षं अडून बसले होते ती मी. "आजोबांची वाडी आहे, राहू दे ना," एवढंच माझं म्हणणं. आल्या आल्या अण्णांनी पाकीट टेबलावर ठेवलं, मी ते उचलून कपाटात ठेवलं आणि पिसाची तिकिटं काढली.

पिसाहून ला स्पेत्सियापर्यंत तासाभराचा रेल्वेप्रवास, तिथून गाडी बदलून वीसेक मिनिटांत व्हेर्नात्सा. चिंक्वे तेर्रे, म्हणजे डोंगरकड्यांना चिकटलेली पाच गावं, त्यातलं हे एक. गाडी जवळजवळ सगळी बोगद्यांतूनच जाते. मध्येच उजेड होतो, निळाशार समुद्र दिसतो आणि पुन्हा काळोख. "कोकण रेल्वेच की," अण्णा म्हणाले. हा मार्ग मात्र 1874 सालचा आहे.

गावाची वस्ती हजाराच्या आतली. स्टेशनातून बाहेर पडलं की एकच मुख्य रस्ता, व्हिया रोमा, उतरत उतरत थेट बंदरावर जातो. बंदर म्हणजे दोन-चार डझन होड्या मावतील एवढं. भोवती पिवळी, गुलाबी, विटकरी उंच घरं आणि त्यांच्यामधून वर चढणाऱ्या अरुंद पायऱ्यांच्या गल्ल्या. अण्णांनी त्यांना पहिल्या मिनिटातच 'पाखाड्या' करून टाकलं.

पाहायच्या जागा अर्ध्या दिवसात होतात. पाण्यालगत सांता मार्गेरिताचं चर्च आहे, 1318 सालच्या कागदांत त्याचा उल्लेख सापडतो. चौकातून आत शिरलं की आपण थेट वेदीच्या बाजूलाच निघतो, म्हणजे देवळात गाभाऱ्याकडून शिरावं तसं. आत साधे काळसर दगडी खांब, खिडकीबाहेर लाटांचा आवाज. अण्णा तिथे बराच वेळ बसून राहिले. समोरच्या कड्यावर दोरिया किल्ल्याचा गोल बुरूज आहे, चाच्यांवर नजर ठेवण्यासाठी बांधलेला. थोडे पैसे देऊन वर जाता येतं. आमचा अंजनवेलचा गोपाळगड आठवला.

जेवणाची काळजी करू नका. तुळशीच्या कुळातल्या बेझिलची पेस्तो चटणी याच प्रांताची. फारिनाता नावाचा एक प्रकार मिळतो : हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्हचं तेल, मोठ्या तांब्याच्या परातीत घालून भट्टीत भाजलेलं. अण्णांनी एक तुकडा खाल्ला. "हे धिरडं आहे. उलटायला विसरलेत." मासे खाणाऱ्यांनी शेजारच्या मोंतेरोस्सोचे खारवलेले अँचोव्ही जरूर खावेत, ते आपल्या मांदेलीच्या कुळातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोंतेरोस्सोकडे जाणाऱ्या पायवाटेने पंधरा-वीस मिनिटं चढलो. कॅलेंडरवर दिसतं ते व्हेर्नात्सा इथून दिसतं, त्यामुळे फोटो काढणाऱ्यांची रांग होती. मीही काढले. अण्णांची मात्र गावाकडे पाठ होती. ते डोंगराकडे बघत होते.

डोंगर समुद्रापासून वरपर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी कोरलेला आहे. दर पायरीला एक दगडी भिंत, तिच्यावर द्राक्षवेलींची चिंचोळी पट्टी. भिंतींत चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड.

"गडगे," अण्णा म्हणाले.

कोकणातल्या वाचकांना हा शब्द समजावून सांगायला नको. इतरांसाठी : वाडीभोवती, उतारावर माती धरून ठेवायला नुसते दगड रचून घातलेली भिंत. अण्णांनी एका भिंतीवर हात ठेवून सगळं सांगितलं. मोठे दगड दर्शनी बाजूला, मागे बारीक दगडांची भर. पाणी भिंतीतून झिरपून गेलं पाहिजे. मागची भर मातीने बुजली की पाणी तुंबतं, भिंत पोटात फुगते आणि एका पावसात बसते. म्हणून दर वर्षी पावसाआधी फिरून बघायचं, फुगलेली जागा उतरवायची, पुन्हा रचायची. युनेस्कोने 1997 मध्ये ही गावं जागतिक वारशाच्या यादीत घेतली आणि 2018 मध्ये बिनचुन्याच्या भिंती रचण्याची कलाही आपल्या यादीत नोंदवली. हे मी मोबाइलवर वाचून दाखवलं. "बरं झालं," अण्णा म्हणाले. "आता कोणी रचायला मिळतं का बघा म्हणावं."

त्यांचं बोलणं बरोबर होतं. चढणीवर जरा नीट पाहिलं की बऱ्याच पायऱ्या झुडपांनी गिळलेल्या दिसतात. 1869 मध्ये ला स्पेत्सियाला नौदलाची मोठी गोदी सुरू झाली, मग रेल्वे आली आणि डोंगरात राबणारे हात पगारी नोकरीला लागले. आपल्याकडे गिरण्यांनी कोकणातून चाकरमानी नेले, तशीच ही गोष्ट. आपण इथे बसलेलो त्याच चाकरमान्यांची पुढची पिढी, फक्त बोटीऐवजी विमानाने आलेली.

त्याचा हिशेब 25 ऑक्टोबर 2011 रोजी झाला. दुसऱ्या दिवशी आपल्याकडे लक्ष्मीपूजन होतं. काही तास ढगफुटीसारखा पाऊस पडला आणि डोंगर सुटला. ज्या व्हिया रोमावरून आम्ही आइस्क्रीम खात उतरलो, त्या रस्त्याखालून गावचा ओढा वाहतो. तो बंद ओढा फुटला, रस्त्यावर सुमारे चार मीटर गाळ आणि दगड भरले. व्हेर्नात्सात तीन माणसं गेली. गावकऱ्यांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं. गाव सावरायला पुढचं वर्ष उजाडलं. गावात स्थायिक झालेल्या तिघी अमेरिकन बायकांनी 'सेव्ह व्हेर्नात्सा' ही संस्था काढली, आणि पुढे तिच्यामार्फत आलेल्या पाहुण्यांनीही या भिंती रचायला हात लावले.

पुरानंतर अभ्यासकांनी डोंगरावरच्या दरडी मोजल्या, तेव्हा एक गोष्ट पुढे आली. खूप जुन्या काळी सोडलेल्या, पुन्हा रान माजलेल्या जमिनीने त्यामानाने तग धरला. दरडींचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं ते थोड्या वर्षांपूर्वी सोडलेल्या पायऱ्यांवर. भिंती उभ्या, पण बघणारं कोणी नाही, आणि झाडांची मुळं अजून खोल गेलेली नाहीत. हेही मी अण्णांना सांगितलं.

ते काही बोलले नाहीत. उतरताना बाकावर बसल्यावर म्हणाले, "वरच्या वाडीचा गडगा गेल्या मेमध्ये मी एकट्याने रचला. तीन दिवस लागले. तुला सांगितलं नाही, तू ओरडली असतीस."

"कशाला केलंत?"

"खाली त्यांची मुलं खेळतात. वाडी कागदावर आपली, त्यामुळे ते दगडाला हात लावत नाहीत. म्हणतात, तुमचं तुम्ही ठरवा. आणि आपण ठरवत नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "ठेवायचं तर नीट ठेवा, नाहीतर करणाऱ्याच्या हातात द्या. हे मधलं काही खरं नाही."

तीन वर्षं मी समजत होते की मी वाडी जपते आहे. जपत होते अण्णा, 76 व्या वर्षी, उन्हात दगड उचलून. माझं जपणं म्हणजे कपाटातलं पाकीट होतं.

जाणार असाल तर दोन सूचना. सप्टेंबरात, आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. जुलै-ऑगस्टला बंदरावर पाय ठेवायला जागा नसते. पायवाटांवर चपला घालून गेलात तर दंड होतो, चांगले बूट घाला. आणि मानारोलालाही उतरा. तिथे डोंगरावर एकाच रुळावरून चढणारी छोटी गाडी दिसते, तिच्यातून द्राक्षांचे क्रेट खाली येतात. अण्णा तिच्यासमोर अर्धा तास उभे होते. "अशी एक आमच्याकडे हवी होती," म्हणाले, "आंब्याच्या पेट्यांना."

परत आल्यावर वकिलातीची वेळ घेतली, सही-शिक्का करून कागद अण्णांच्या बॅगेत ठेवले. वरची वाडी आता शेजाऱ्यांची होईल. घर आणि खालचं आगर आमच्याकडे राहील, आणि मेच्या सुट्टीत आम्ही चौघं तिथे असू. मुलांना अजून सांगितलेलं नाही की कामाला जायचंय.

मागच्या रविवारी अण्णांचा फोन आला होता. परतीचा पाऊस जोरात झाला म्हणाले, खालचा गडगा विहिरीजवळ फुगलाय. मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही हात लावू नका हं."

"नाही लावत," ते म्हणाले. "टेकू देऊन ठेवलाय. तुम्ही या."