खेळाचा तास खेळालाच हवा

पाचवा तास खेळाचा. वर्गाने रांग धरलेली असते, एखाद्याने बुटाची नाडीही घट्ट आवळलेली असते. तेवढ्यात गणिताचे सर दारात येतात आणि म्हणतात, "दोन प्रकरणं मागे आहोत, वह्या काढा." सरांना मुलांचा आनंद हिरावून घ्यायचा नसतो. पोर्शन संपवायचा धाक त्यांच्याही मानेवर असतो. पण पहिल्या घटक चाचणीपासून सुरू झालेली ही उसनवारी दहावीच्या वर्गात दिवाळीनंतर कायमची होते आणि घेतलेले तास परत मिळत नाहीत. भिंतीवरच्या वेळापत्रकात मात्र तो तास खेळाचाच राहतो. म्हणून हा तोटा कुणाच्या नजरेत येत नाही.

मुलांच्या मनाविषयी आपण आता बोलू लागलो आहोत आणि ते आवश्यकच होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले होते, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. अशा प्रत्येक मृत्यूमागे अनेक कारणे गुंतलेली असतात. खेळाने ती सगळी सुटतील असे मी म्हणणार नाही. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत समुपदेशक हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले, तेही योग्यच झाले. पण समुपदेशकाच्या खोलीपर्यंत मूल पोहोचते ते त्रास वाढल्यावर. त्याआधीची कित्येक वर्षे, रोज थोडी थोडी, मनाची मशागत करणारी जागा शाळेत आधीपासून आहे. ती म्हणजे मैदान, आणि तीच आपण गमावत आहोत.

खो-खोच्या एका डावात काय काय घडते ते पाहा. बाद झालेली मुलगी चरफडते, बाजूला जाऊन बसते आणि पुढच्या डावाला पुन्हा उठते. हरल्यावरही आपण संघातच असतो, हे तिला कुणी समजावून सांगावे लागत नाही. कबड्डीत "हात लागला" "नाही लागला" यावरून जुंपते. खेळ पुढे जायला हवा असेल तर दोघांपैकी एकाला माघार घ्यावी लागते, आणि पुढच्या डावाला संघ बदलले, की तेच दोघे एकमेकांचा हात धरून साखळी करतात. धाकट्या भावंडाला "कच्चा लिंबू" म्हणून खेळात घेण्याची रीत पोरांनीच काढली. दुबळ्याला बाहेर न ठेवता त्याच्यासाठी नियम सैल करायचा, हे शहाणपण मुले खेळता खेळता शिकत आली आहेत. राग गिळणे, हार पचवणे, रुसणे, समेट करणे हे बाकावर बसून शिकता येत नाही.

मैदानावर उभ्या असलेल्या शिक्षकालाही पुष्कळ दिसते. भिडू निवडताना कोणाचे नाव शेवटपर्यंत येत नाही, कालपर्यंत हुंदडणारा मुलगा आज भिंतीशी का उभा आहे, कोणती मुलगी दुसरीचा हात सोडत नाही, हे सारे वर्गात चौथ्या बाकामागे लपून जाते. म्हणूनच "गृहपाठ केला नाही, आज खेळायला नाही" ही शिक्षा मला सर्वांत वाईट वाटते. आधीच मागे पडलेल्या, खचलेल्या मुलाकडून आपण त्याचा दिवसातला एकमेव मोकळा श्वास काढून घेतो.

ही मागणी कुणाच्या मेहरबानीची नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला क्रीडांगण सांगितले आहे. सहावी ते आठवीत शंभरहून अधिक मुले असतील तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन शिक्षकही सांगितले आहेत. मुलाला भीती आणि दडपणातून मुक्त ठेवावे, असे कलम २९ म्हणते. तरी क्रीडाशिक्षक निवृत्त झाले की अनेक शाळांत ती जागा रिकामीच राहते, आणि मैदान लग्नसमारंभाला किंवा गाड्या लावायला दिले जाते.

"संध्याकाळी खेळतील की," असे काही पालक म्हणतात. कुठे? सोसायटीच्या आवारात गाड्या उभ्या आहेत आणि पाच वाजता क्लास आहे. गावात मोकळी जागा असली तरी सातवी-आठवीतल्या मुलीला घरकामातून तिथे जाऊ दिले जात नाही. तिच्यासाठी शाळेचे मैदान हेच जगातले एकमेव मैदान असते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या महिला संघाने महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली जिंकला. आपल्या सगळ्या मुली विश्वचषकाला जाणार नाहीत, पण पळण्याचा हक्क प्रत्येकीचा आहे.

तेव्हा हे करू या. मुख्याध्यापकांनी जूनमध्येच जाहीर करावे, की खेळाचा तास दुसऱ्या विषयाला मिळणार नाही, दहावीलाही नाही. शिक्षकांनी तो शिक्षा म्हणून कापू नये. मैदान लहान असेल तर लंगडी, लगोरी, रुमाल पळवणे यांना फार जागा लागत नाही. मूल चाकाच्या खुर्चीत असेल तर नियम कसा बदलायचा हे वर्गालाच विचारा, पोरे वाट काढतात. अनुदानित आणि सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. त्यांनी मैदान आणि क्रीडाशिक्षक हे दोन्ही विषय शाळा विकास आराखड्यात लिहून घ्यावेत. खासगी शाळांत हे काम पालक-शिक्षक संघाने करावे. आणि एखादे मूल खेळातही रमेनासे झाले, तर थांबू नका. १४४१६ या टेली-मानस मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर मदत मिळते.

येत्या पालकसभेत टक्केवारीच्या आधी हात वर करा आणि विचारा, "या महिन्यात खेळाचे किती तास ठरले होते आणि किती झाले?" दर महिन्याला विचारा, शेजारच्या चार पालकांनाही विचारायला लावा. हा प्रश्न चुकणार नाही हे शाळेला एकदा कळले, की तो तास उसना मागायला कोणी सहजासहजी धजावणार नाही.