ओकचे पिंप आणि आपली जीभ

भालकी, हुमनाबाद, आळंद या सीमेवरच्या तालुक्यांत ज्यांचे जाणे-येणे आहे, त्यांना शिंदीच्या झाडाची एक गंमत ठाऊक असेल. झाडाला बांधावयाच्या मडक्यास आतून चुन्याचा हात दिला तर सकाळी उतरते ती नीरा. तसेच मडके बांधले तर त्याच रसाची शिंदी होते. झाड तेच, रस तोच, रात्रही तीच. मातीच्या छिद्रांत कालचे किण्व दडून बसलेले असते, ते आजच्या रसाला लागते; चुना त्याला थोपवतो. बिदरच्या कारागिरांची गोष्ट याहून फार निराळी नाही. जस्त-तांब्याच्या भांड्याला ते किल्ल्यातली माती नवसागराबरोबर चोळतात, त्याने भांडे काळेभोर होते आणि त्यात बसवलेली चांदी मात्र पांढरी राहते. ज्याला जे लागून राहते ते त्याला घडवते, हे या मुलखाला कुणी परदेशी शास्त्रज्ञाने येऊन शिकवावयास नको.

तरीही ओकच्या पिंपाचा विषय निघाला की चांगली शहाणी माणसे भांबावतात. एका बाजूस सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ आणि दुसऱ्या बाजूस हंपीच्या डोंगरांत आता द्राक्षांची उत्तम वाइन होते. ती गुलबर्ग्या-बिदरच्या पंगतींतही पोचली आहे. पेला नाकाशी नेऊन व्हॅनिलाचा वास आला की गृहस्थ मान डोलावतात, ‘ओक आहे,’ म्हणतात, आणि दिलेले पैसे वसूल झाले असे समजतात. माझी तक्रार या मान डोलावण्याविषयी आहे.

रस पोलादी टाकीत आंबवून मग पिंपात मुरत ठेवणे ही एक गोष्ट. रसच पिंपात ओतून त्याला तिथे आंबू देणे ही दुसरी. ग्रोवरांची ‘ला रिझर्व्ह’, सुलाची ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराझ’, अकलूजच्या फ्रातेल्लींची ‘सेट्टे’ ही आपल्याकडची नावाजलेली लाल वाइन. तिचा ओकशी संबंध मुख्यतः मुरण्याचा. लाल वाइनचा रस सालींसकट आंबवावा लागतो आणि पिंपाच्या एवढ्याशा तोंडातून तो चोथा आतबाहेर करणे जिकिरीचे. पिंपातच आंबवण्याची रीत शोभते ती पांढऱ्या वाइनला, विशेषतः शार्दोने जातीच्या द्राक्षाला. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात २२८ लिटरांच्या पिंपांत हे काम चालते.

आता कुणालाही वाटेल की पहिल्या दिवसापासून लाकडात राहिलेल्या वाइनला लाकडाचा वास अधिक येत असेल. येतो तो कमी! यीस्ट जिवंत असते, आणि लाकडातून उतरलेल्या व्हॅनिलिनचा बराचसा भाग ते जवळजवळ निर्गंध अशा दुसऱ्या द्रव्यात पालटून टाकते. आंबणे संपले की मेलेल्या यीस्टचा साका तळाशी बसतो. तो लाकडाचा रंग आणि तुरटपणा शोषून घेतो. हा साका काठीने अधूनमधून ढवळतात, त्यातून वाइनमध्ये जी द्रव्ये उतरतात त्यांनी तिला अंग येते. जिभेवर ती पाण्यासारखी पळत नाही, सायीसारखी थोडी रेंगाळते. पुढे आंबट सफरचंदाचा तिखट आम्ल जाऊन दुधातल्यासारखा सौम्य आम्ल येतो, त्याच्याबरोबर लोण्याचा वास येतो. फळ्यांतून झिरपणारी जराशी हवा हे सारे सांधून देते. टाकीत तयार झालेली वाइन नंतर नव्या पिंपात घातली, तर साका मागेच राहिलेला असतो. मग व्हॅनिला, लवंग, धूर हे सारे तिच्या अंगावर उपरण्यासारखे वेगळे दिसते.

माझ्या वडिलांनी अगदी लहान वयात दरबारात गवयांमागे तंबोरा धरला होता. ते म्हणत, श्रोत्याला तंबोरा वेगळा ऐकू आला तर तो मी चुकीचा छेडला असे समजा. आणि तो थांबवून पाहा म्हणजे गळा किती उघडा पडतो ते कळेल. ओकचा वास हुंगत बसणारा रसिक मला गाणे सोडून तंबोरा ऐकणारा वाटतो. शिवाय द्राक्षच सामान्य असेल तर पिंप काय करणार? माझ्याकडे बेसूर येणाऱ्या मुलाला मिरजेचा सर्वांत महाग तंबोरा दिला, तरी त्याची आई आणि मी दोघेच खूश होतो!

हा शौक स्वस्त नाही. दीडशे वर्षांचा ओक तोडून दोन-तीन पिंपे निघतात. फळ्या दोन-तीन वर्षे उन्हापावसात पडून राहतात, मग त्या आगीवर वाकवतात, आतून भाजतात. तीन-चार हंगामांत त्यांचा गंध संपतो. आणि आपल्याकडे खरा घोर आहे तो उन्हाळ्याचा. आंबताना रस तापतो. टाकीभोवती गार पाणी खेळवता येते, पिंपाभोवती येत नाही. खोलीच थंड असावी लागते. बर्गंडीत द्राक्षे बहुधा सप्टेंबरात उतरतात आणि पुढे हिवाळा वाट पाहत असतो. दख्खनमध्ये तोडणी जानेवारी ते मार्च, आणि पुढे गुलबर्ग्याचा चाळीस अंशांवरचा वैशाख. उष्म्याने पिंपातली वाइन उडते, वर हवेची पोकळी राहते, ती वेळेवर भरली नाही तर शिरका होतो. म्हणजे फ्रान्समध्ये जे काम बरेचसे ऋतू करतो, ते इथे वीज करते. बिदरकरांनी पंधराव्या शतकात जांभा पोखरून पाण्याचे कारीझ नेले. त्या खडकाच्या पोटातला गारवा एखाद्या उद्योगी माणसाने या कामी पारखून पाहावयास हरकत नाही.

म्हणून ज्याला पिंप परवडत नाही त्याने टाकीतली ताजी, फळाच्या वासाची वाइन ताठ मानेने विकावी, ती मुळीच हलकी नव्हे. पण दुसराही मार्ग जगात रूढ आहे: टाकीत ओकच्या ढलप्या सोडावयाच्या. युरोपनेही २००६ साली त्यास परवानगी दिली. ढलप्यांवर माझा राग नाही. स्वस्त वाइनला त्या चालतात. राग आहे तो ढलप्या, पिंपात मुरवणे आणि पिंपात आंबवणे या तिन्हींवर ‘ओक’ हा एकच शब्द चालवण्यावर. गाण्याच्या कार्यक्रमपत्रिकेवर तबल्याच्या साथीला कोण आहे ते आपण छापतो. तसे बाटलीच्या मागच्या चिठ्ठीवर या तिन्हींपैकी काय केले, एवढे तीन शब्द छापावयास किती शाई लागते?